शिडी नाकारणाऱ्या पायलटच्या मागं उभे राहा
सागरी पायलटांच्या संघटनेला सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
पदाधिकारी आणि सभासद,
देशातल्या बंदरांत काम करणाऱ्या सागरी पायलटांची संघटना

सप्रेम नमस्कार.

सोलापुरातून पत्र आलं म्हणून दचकू नका. आमच्याकडे समुद्र नाही. हिप्परग्याचा तलाव आहे, संभाजी तलाव आहे आणि उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड नळाला येतं, एवढाच आमचा पाण्याशी संबंध. मी रेल्वेत होतो. नोकरीची सुरुवात डिझेल असिस्टंट म्हणून केली, शेवटची बरीच वर्षं मेल-एक्सप्रेसवर काढली. आधी आम्हाला ड्रायव्हर म्हणायचे, मग कागदोपत्री लोको पायलट झालो. पाटी बदलली, इंजिन तेच राहिलं. माझा मुलगा तुमच्यातला आहे, एका बंदरात पायलट आहे, म्हणजे येणारी-जाणारी जहाजं वाट दाखवत आत-बाहेर नेतो. म्हणजे घरात दोन पायलट, आणि विमान दोघांनीही चालवलेलं नाही. सोलापुरातून गोव्याची विमानं सुरू झाली तेव्हा शेजारचे मास्तर मला म्हणाले, "आता पोराची बदली हिकडंच करून घ्या की ओ." मी हो म्हणून टाकलं. किती जणांना समजावून सांगायचं?

पहिल्यांदा मलाही कळलं नव्हतं. जहाजावर कॅप्टन असतो, त्याच्या हाताखाली अधिकारी असतात, मग तू कशाला, असं मी त्याला विचारलं होतं. त्यानं मला माझ्याच भाषेत उत्तर दिलं. म्हणाला, "अप्पा, तुम्हाला वाडीपर्यंतचा सेक्शन पाठ होता. दुसऱ्या डिव्हिजनचा ड्रायव्हर आणून तुमच्या जागी बसवला तर? इंजिन त्याला येतं. सिग्नल कुठल्या वळणामागं आहे, ते येतं का?" एवढ्यात मला सगळं कळलं. रेल्वेत याला रोड लर्निंग म्हणतात. नव्या सेक्शनवर एकट्यानं गाडी न्यायच्या आधी माहितगारासोबत किमान तीन फेऱ्या करायच्या, त्यातली एक रात्रीची. मग "मला रस्ता कळला" म्हणून सही करायची. सही केल्यावर जबाबदारी तुमची. तीन महिने त्या सेक्शनवर पाऊल टाकलं नाही तर पुन्हा फेरी मारावी लागते. मी दौंडपासून वाडीपर्यंतचा रस्ता डोळे मिटून सांगेन. वाशिंब्याजवळ उजनीचं पाणी रुळाजवळ येतं, तिथं थंडीत पहाटे धुकं कसं बसतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

बंदराचा पायलट म्हणजे पाण्याचा सेक्शन पाठ असलेला माणूस. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे जवळजवळ दीड मजला. सकाळी जिथून जहाज सुखानं जातं तिथंच दुपारी तळ घासायची वेळ येते. कोलकात्यात तर हुगळीतून दोनशे किलोमीटरहून जास्त वाट काढावी लागते, आणि तिथले गाळाचे दांडे जागा बदलत असतात. रॉटरडॅमहून आलेल्या कॅप्टनला हे कुठून कळणार? जहाजावरचा हुकूम कॅप्टनचाच राहतो, पायलट सल्ला देतो, असं कायदा म्हणतो. पण त्या दोन-चार तासांत सल्ला आणि हुकूम यांत किती अंतर उरतं हे तुम्हीच जाणे. १९०८ च्या बंदर कायद्यात, ज्या बंदरांना ते कलम लागू होतं तिथं, दोनशे टनांच्या वरच्या जहाजाला पायलटशिवाय किंवा हार्बर मास्टरच्या माणसाशिवाय आत-बाहेर करायला बंदी होती. त्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा नवा कायदा आला आहे. मी काही वकील नाही, त्यामुळे त्यात शिरत नाही.

हे सगळं जहाजावर चढल्यानंतरचं. मी लिहितोय ते बोटीतून दोरीच्या शिडीनं जहाजावर चढण्याबद्दल.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मुलगा सुट्टी काढून घरी येतो. मिळाली नाही तर दोन दिवसांसाठी तरी येतो. नंदीध्वजाच्या सरावाला लहानपणापासून जायचा. पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत चालणं हा त्याचा वर्षाचा आनंद. मागे एका जानेवारीत तो आला आणि बाराबंदी पेटीतून काढलीच नाही. मिरवणुकीत आमच्यासोबत कडेला उभा राहिला. जेवताना पाटावर बसला नाही, खुर्ची मागितली. आई म्हणाली, "थकलाय व्हय रे?" तो म्हणाला, "व्हय." रात्री मी त्याच्या खोलीत पाणी ठेवायला गेलो तर तो शर्ट काढत होता. डावा हात वर जात नव्हता. बरगड्यांवरून काखेपर्यंत हिरवा-पिवळा डाग होता. तीन आठवड्यांचा जुना असावा.

मग त्यानं सांगितलं. बंदराचं नाव मी लिहीत नाही, जहाजाचंही नाही. तशी त्याची अट आहे. डिसेंबरची रात्र होती. वारा नाही, पाऊस नाही. लाटा असतात तेवढ्याच. रिकामं जहाज पाण्यावर उंच तरंगतं, तसं ते होतं. पायलटची लॉन्च, म्हणजे त्याला जहाजापर्यंत नेणारी छोटी बोट, त्याच्या बाजूला लागली. दोन्ही चालत्याच होत्या. जहाज थांबत नाही, कारण थांबलेलं जहाज लाटेवर वाटेल तसं वळतं. त्याची एक बाजू वाऱ्याआड ठेवायची, त्या आडोशाला लॉन्च लावायची, लॉन्च लाटेच्या माथ्यावर आली की शिडी धरायची आणि पाय उचलायचे. लॉन्च खाली गेली की पायलट दोरीच्या शिडीवर एकटा. तो चार-पाच पायऱ्या चढला होता. डाव्या बाजूचा दोर वर कुठंतरी तुटला. शिडी एका बाजूनं लोंबली, तो फिरला आणि लॉन्चच्या कठड्यावर आपटून डेकवर पडला. लॉन्चवरच्या खलाशानं त्याचा लाइफ जॅकेटचा पट्टा धरला म्हणून पाण्यात गेला नाही. दोन बरगड्या मोडल्या. त्याच लॉन्चनं परत आला. जहाजाला दुसऱ्या बाजूनं दुसरी शिडी सोडायला लावली, दुसरा पायलट चढला आणि जहाज भरतीला धक्क्याला लागलं. वेळ चुकली नाही.

मला बरगड्यांचं एवढं वाटलं नाही. रेल्वेत मी माणसं तुटलेली पाहिली आहेत. वाटलं ते अहवालाचं. त्यात एक वाक्य होतं, ते त्यानं मोबाइलवर दाखवलं. पायलटनं चढण्यापूर्वी शिडी तपासून घेणं अपेक्षित होतं, अशा अर्थाचं.

मी त्याला म्हटलं, मला शिडी समजावून सांग. त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीतच शाळा घेतली. पायलटची शिडी म्हणजे दोन बाजूंना दोर आणि मधे लाकडी पायऱ्या. पायरी कठीण लाकडाची, एकसंध, गाठ नसलेली. तळाच्या चार पायऱ्या रबराच्या चालतात. दोन पायऱ्यांत ३१ ते ३५ सेंटिमीटर अंतर, सगळीकडे सारखं, कारण अंधारात पाय सवयीनं पडतो. बाजूचे दोर मनिलाचे, किमान १८ मिलिमीटर जाड. शिडी पिळा खाऊ नये म्हणून अधूनमधून लांब आडव्या फळ्या, १८० सेंटिमीटरच्या. पहिली खालून पाचव्या पायरीला, मग पुढची जास्तीत जास्त नऊ पायऱ्यांनी. पाण्यापासून डेकपर्यंत नऊ मीटरपेक्षा जास्त उंची असेल तर नुसती शिडी लावायची नाही. जहाजाचा तिरका जिना अर्ध्यावर आणायचा, आणि शिडी त्याला जोडून द्यायची. नऊ मीटर म्हणजे तीन मजले. सत्तावीस-अठ्ठावीस पायऱ्या, हलत्या भिंतीवर, पाठीवर बॅग. माझा मुलगा चाळिशीकडे निघालाय. त्याच्यासोबतचे काही जण पन्नाशी ओलांडलेले आहेत.

पायरीला रंग द्यायचा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. रंगाखाली चिरा लपतात. त्या जहाजाच्या शिडीला निळा ऑइलपेंट मारला होता. नवीकोरी दिसत होती म्हणे.

मग त्यानं खांबाला दोरी बांधून रोलिंग हिच नावाची गाठ दाखवली. शिडी डेकवर मधेच अडकवायची असते, कारण जहाजाची उंची दर वेळी वेगळी. ती योग्य प्रकारे बांधायची तर बाजूच्या दोरांना ही गाठ मारून डेकवरच्या भक्कम कड्याला बांधायचं. जोर आला की गाठ आवळत जाते. त्यानं तिला पाण्यानं भरलेली घागर टांगली, हलवून दाखवली, सुटली नाही. घाई असलेले लोक काय करतात? शिडीच्या दोन दोरांमधून एक लोखंडी शॅकल, म्हणजे कडी, घालतात आणि अडकवून मोकळे होतात. मग सगळा भार एका पायरीच्या टोकावर येतो. दिसायला ठीक. शिडी वापरणाऱ्याला खालून ते दिसतच नाही.

माझं डोकं तिथंच अडकलं. खालून दिसत नाही. लॉन्चवरून पायलटला शिडीची तळाची बाजू दिसते, पायऱ्यांचं अंतर दिसतं, उजेड पुरेसा आहे की नाही ते दिसतं. दोर कुठं सडलाय, वर गाठ कसली आहे, हे जहाजाच्या कठड्यापलीकडे असतं. तो दोर तुटला ती जागा कठड्याच्या कडेवर होती, जिथं दोर वाकतो आणि घासला जातो. तिथपर्यंत पोचल्यावरच ती दिसते. तपासणार कुठून? चढून जाऊन? मग चढल्यावर कळणार की चढायला नको होतं.

आता रेल्वेचं सांगतो. गाडी सुटायच्या आधी लोको पायलटला आणि गार्डला ब्रेक पॉवर सर्टिफिकेट मिळतं. कॅरेज-वॅगनचा माणूस गाडी तपासतो, किती डब्यांचे ब्रेक काम करतात ते लिहितो आणि सही करतो. त्या कागदाशिवाय पहिल्या स्टेशनातून गाडी हलवायची नाही. मी प्रत्येक डब्याखाली वाकून ब्रेक पाहत बसत नाही, पाहू शकतही नाही. ज्यानं पाहिले त्याची सही माझ्या खिशात असते. काही झालं तर पहिला प्रश्न त्या सहीला.

एकदा एका यार्डात मला असा कागद मिळाला की त्यात तारखेचा घोळ होता. मी गाडी घेतली नाही. कंट्रोलरचे फोनवर फोन. "मागं तीन गाड्या उभ्यात, तुम्हाला कळतंय का?" मला कळत होतं. पन्नास मिनिटं गेली. दुसरा कागद आला, तेव्हा हललो. नंतर खुलाशाचं पत्र आलंच. ते पत्र घेऊन मी आमच्या युनियनच्या माणसाकडे गेलो. त्यानं एकच ओळ लिहून दिली, नियमाचा नंबर आणि त्याखाली "सदर कर्मचाऱ्याने नियमानुसार वर्तन केले आहे." प्रकरण मिटलं. तो माणूस आता हयात नाही. त्यानं मोर्चे किती काढले मला आठवत नाही, ती एक ओळ आठवते.

माझ्या मुलाच्या मागं तशी ओळ कोण लिहिणार? हाच माझा तुम्हाला प्रश्न आहे.

त्यानं याआधी एकदा शिडी नाकारली होती. तीही रात्रच होती. पायऱ्या तिरक्या, दोन पायऱ्यांमधलं अंतर एका जागी दीडपट. वॉकीटॉकीवर सांगितलं, दुरुस्त करा. जहाजावरून उत्तर आलं, आमच्याकडे मागच्या बंदरात कुणी तक्रार केली नाही. मग एजंटचा फोन, मग आणखी एका साहेबांचा. जहाज उभं, भरती चालली, जहाज ओढणाऱ्या टग बोटी ताटकळल्यात, प्रत्येक तासाचे पैसे. शेवटी त्यांनी शिडी बदलली. पण पुढचे काही आठवडे त्याला हसत-हसत "कडक साहेब" म्हणायचे. त्याला ते बोचलं. तो कबूल करत नाही, पण मी बाप आहे. डिसेंबरच्या त्या रात्री शिडीचा निळा रंग त्याला खटकला होता, हे त्यानं मला सांगितलं. आणि तो बोलला नव्हता.

कंत्राटावर आलेल्या पायलटांचं काय होत असेल, याचा विचार करा. कायम नोकरीतल्या माणसाला टोमणा मिळतो, कंत्राटवाल्याचं पुढच्या वर्षी नूतनीकरणच होत नाही. तो निळ्या रंगावर पाय ठेवूनच चढणार.

शिडीवरून पडून पायलट जगभर जीव गमावतात. २०१९ च्या ३० डिसेंबरला न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी एक अनुभवी पायलट जहाजावर चढताना पडून गेला. त्या जहाजावर जिना आणि शिडी जोडून होती, आणि जिन्याच्या प्लॅटफॉर्मला सापळ्यासारखं दार होतं, त्यातून वर निघावं लागायचं. तिथल्या पायलटांनी यावर आवाज उठवला. तुमची आंतरराष्ट्रीय संघटना, इम्पा, दरवर्षी काही दिवस जगभरातल्या पायलटांकडून शिड्यांची पाहणी करून घेते आणि निकाल छापते, हे मला मुलाकडूनच कळलं. शिडी कशी असावी आणि कशी नसावी याचं चित्रांचं पत्रक तिनं काढलंय, ते जहाजांवर टांगलेलं असतं म्हणे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०२५ मध्ये या शिड्यांचे नियम आणखी कडक केलेत, ते १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार. चांगलंच आहे. पण पत्रक टांगलेल्या भिंतीच्या दहा पावलांवर कठड्याला शॅकल असते, हेही मुलानंच सांगितलं.

तेव्हा माझं मागणं ऐका. लॉन्च धक्क्यावरून सुटायच्या आधी जहाजावरच्या अधिकाऱ्यानं शिडी लावलेली पाहिली, वरची गाठ पाहिली, दोर कठड्यावर जिथं वाकतो ती जागा पाहिली, अशी त्याच्या नावाची सही असलेली एक ओळ आणि वरच्या बांधणीचा फोटो बंदराच्या कंट्रोलला यावा. आजकाल खलाशीसुद्धा मोबाइलवर जेवणाचे फोटो पाठवतात. गाठीचा एक फोटो काढायला किती वेळ लागतो? जबाबदार अधिकारी शिडीजवळ हजर असला पाहिजे हे नियमात आहेच. मला त्या हजेरीचा कागद हवाय. मग अहवालात "पायलटनं तपासायला हवं होतं" लिहायची सोय राहणार नाही.

आणि नाही म्हणणाऱ्या पायलटच्या मागं संघटनेची ती एक ओळ हवी. लेखी. आधीच छापून ठेवलेली, खाली नुसतं नाव, तारीख आणि जहाज भरायचं. त्यानं शिडी नाकारली की त्याच रात्री ती ओळ त्याच्या बंदराला, एजंटला आणि जहाजाच्या मालकाला जावी. सकाळी फोन करणारा साहेब कोणीही असो, त्याला ती वाचायला मिळावी. कंत्राटी पायलट तुमचा सभासद नसेल तर त्याला सभासद करून घ्या, वर्गणी नंतर मागा. आमच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डच्या विश्रांतीच्या खोलीत, तात्पुरत्या असिस्टंटलाही युनियनचा माणूस विचारायचा, जेवलास का. त्यानं फरक पडायचा.

नाकारलेल्या शिड्यांची नोंद एका बंदरातून दुसऱ्या बंदराला पोचते का? मुलगा म्हणाला, ओळखी असतील तर फोनवर कळतं. म्हणजे कोचीतल्या मित्राला मुंबईतल्यानं फोन केला तर. रेल्वेत खराब रुळाची खबर कॉशन ऑर्डर होऊन पुढच्या ड्रायव्हरच्या हातात पडते. किलोमीटर किती ते किती, वेग किती, सगळं लिहिलेलं. तो ड्रायव्हर माझा मित्र आहे की नाही हे कोणी विचारत नाही. तुमच्याकडेही तशी ऑर्डर निघाली पाहिजे. जहाज आज इथं आहे, परवा दुसऱ्या बंदरात, शिडी तीच.

तुम्ही म्हणाल, आम्ही या गोष्टी मांडतोच, बैठका घेतो, मंत्रालयाला निवेदनं देतो. देत असाल. मला त्यातलं काही दिसत नाही, आणि दिसत नाही हीच माझी दुसरी तक्रार. तुमच्याबद्दल लोकांना काही माहीतच नाही. २६ मार्च २०२४ च्या रात्री अमेरिकेत बाल्टिमोरला डाली नावाचं कंटेनर जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. टीव्हीवर दिवसभर तेच. जहाजावर बहुतेक सगळे खलाशी भारतीय होते, म्हणून आपल्याकडे जास्त चर्चा. पण जहाजाचे दिवे गेल्यावर त्या दोन-चार मिनिटांत पायलटनं नांगर टाकायला सांगितला, टग मागवले आणि पूल बंद करा म्हणून निरोप दिला, हे आमच्या कट्ट्यावर कुणाला माहीत नव्हतं. तो निरोप पोलिसांना मिळाला, त्यांनी दोन्हीकडची वाहनं अडवली. पुलावर खड्डे बुजवणारे सहा मजूर मात्र वरच राहिले आणि त्यांचा जीव गेला. बाकी रात्रीच्या त्या वेळी पुलावर जी वाहनं असती ती वाचली. पुढे तपासात निघालं की जहाजाच्या वीजव्यवस्थेत एक वायर सैल होती. मी हे कट्ट्यावर सांगितलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "म्हणजे पायलट होता व्हय त्यावर?" हो, दोन होते.

सोलापूरला या विषयाशी काय देणं, असं कुणी म्हणेल. आमच्या एमआयडीसीतले टॉवेल आणि चादरी कंटेनरमध्ये भरून न्हावाशेव्याला जातात आणि तिथून परदेशी. प्रत्येक कंटेनरच्या जहाजावर तुमच्यातला कुणीतरी शिडीनं चढलेला असतो. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली, शेकडो कंटेनर पाण्यात गेले, तेल किनाऱ्याला लागलं, बंदराची वाहतूक काही दिवस थांबली. तेव्हा आमच्या ओळखीचा एक टॉवेलवाला रोज मुंबईला फोन करून विचारायचा, माझा माल कुठं आहे. तेवढ्या दिवसांत त्याला पहिल्यांदा कळलं की मुंबईचं पाणी ही नीट सांभाळायची वाट आहे.

आणि देणं आणखी जुनं आहे. तुम्ही ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन करता. १९१९ साली त्या दिवशी लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. सिंदिया कंपनीचं पहिलं जहाज. ती कंपनी काढणाऱ्यांतले वालचंद हिराचंद सोलापूरचे, १८८२ चा जन्म. आणि त्यांचे भागीदार नरोत्तम मोरारजी यांच्या घराण्याची गिरणी इथंच होती, तिला आम्ही अजून जुनी मिल म्हणतो. आमचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली मुंबईहून बोटीनं चीनला गेले. शाळेत आम्हाला दोघांवर धडे शिकवले, भाषणं ऐकवली. लॉयल्टीला किंवा कोटणीसांच्या बोटीला बंदराबाहेर काढून, मग शिडीनं खाली उतरून लॉन्चमध्ये बसलेला माणूस कोण होता, हे कुणी सांगितलं नाही. कुणाला ठाऊकही नसेल.

म्हणून येत्या ५ एप्रिलला तुमच्यातल्या दोघा-तिघांनी सोलापूरला या. कार्यक्रम मुंबईत होतातच. इथल्या एखाद्या शाळेत या, खरी शिडी घेऊन या, शाळेच्या गच्चीवरून सोडा आणि पोरांना चढायला सांगा. चार पायऱ्या तरी चढतील. रात्री पायलटच्या बोटीवर वर पांढरा आणि खाली लाल दिवा असतो, हे त्यांना दाखवा. मुली असतील तर त्यांना सांगा की कोलकात्याच्या हुगळीवर रेश्मा निलोफर नाहा ही मुलगी पायलट झाली. आमच्याकडून गेलेली मुलं मर्चंट नेव्हीत आहेत, पण किनाऱ्यावरच्या या कामाचं नाव ऐकलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. राहण्याची सोय माझ्याकडे करतो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मिळेल, बाकी पंगतीची अपेक्षा करू नका.

मुलगा त्या जानेवारीनंतर सहा आठवड्यांनी कामावर गेला. जायच्या आदल्या दिवशी ओसरीतली दोरी त्यानं खांबावरून सोडली नव्हती, मीच सोडली. गाठ सुटायला वेळ लागला. आता तो शिडी नाकारतो का, हे मी त्याला विचारत नाही. तो सांगत नाही. रात्री अकरानंतर त्याचा फोन आला की बायको उठून बसते, मी आधी "लागलं का?" विचारतो. धक्क्याला लागलं का, असं म्हणायचं असतं. त्याला कळतं.

हे पत्र त्याला दाखवून लिहिलंय. बंदराचं नाव काढ, जहाजाचं नाव काढ, साहेबांचा हुद्दा काढ, असं त्यानं तीन वेळा सांगितलं. काढलं. निळा रंग तेवढा राहू दिला.

उत्तर लिहाल तर मराठीत लिहा. हिंदीही चालेल. मी बायकोला वाचून दाखवणार आहे.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट
रेल्वे लाइन्स, सोलापूर